गाडी बोलावल्यापासून

हिरव्या कागदात गुंडाळलेली गोळी… दोन्ही टोकांना पीळ, त्यातला एक जरा सुटलेला, आणि सुटलेल्या पिळातून आतला चकचकीत कोपरा डोकावणारा — शिपायाने ती माइकच्या बुडाशी इतक्या हलक्या हाताने ठेवली की आवाज म्हणून झाला नाही, पण तिला मात्र वाटलं, तो अख्ख्या सभागृहाने ऐकला. मागच्या बाकांवरची कुजबुज क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. शिपाई नेहमीसारखा जरासा वाकला, तिच्याकडे न बघता वळला आणि मधल्या वाटेने परत गेला. सराईत माणूस. अशा कितीतरी गोळ्या त्याने आजवर पोचवल्या असतील.

काकांची गोळी.

आरोग्यमंत्र्यांना सगळं सभागृह काका म्हणायचं, विरोधी पक्षसुद्धा, अगदी भांडतानासुद्धा. त्यांचा घसा जुना दुखरा, म्हणून खिशात कायम घसा मोकळा करणाऱ्या गोळ्या. आणि त्यातून पुढे कधीतरी असा रिवाज पडून गेला, की त्यांच्या विधेयकाला कुणी दुरुस्ती सुचवली, तावातावाने भाषण केलं, की थोड्या वेळाने त्याच्या बाकावर हिरवी गोळी येऊन बसते. म्हणजे, भाषण छान झालं, आता मी उठून आश्वासन देतो, तू तुझी दुरुस्ती मागे घे. सदस्य गोळी तोंडात टाकतो. काका तिरक्या नजरेने बघून घेतात. मग सगळं सुरळीत होतं. नियमांच्या पुस्तकात हे कुठेही नाही. पण पुस्तकातले निम्मे नियम कुणी पाळत नाही, आणि हा मात्र आजवर कुणी मोडलेला नाही.

तिनेही नाही. उलट पहिल्यांदा निवडून आली त्या वर्षी बाकावर गोळी आली तेव्हा ती हरखून गेली होती. आपण दखल घेण्याजोगं काही बोललो म्हणून मंत्र्यांनी गोळी पाठवली, असं काहीतरी… गोळी खाऊन वरचा हिरवा कागद तिने पर्समध्ये जपून ठेवला होता आणि घरी जाऊन नवऱ्याला दाखवला होता. नवरा शाळामास्तर. त्याने कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "छान. शाळेत आम्ही पण देतो. गप्प बसणाऱ्या मुलांना." तेव्हा तिला राग आला होता.

विधेयक चांगलं होतं. हे तिला मघापासून स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं, कारण ते खरं होतं. एका आजारपणात घर बसतं, ते बसू नये म्हणून काकांनी वर्षानुवर्षं अर्थखात्याच्या नाकदुऱ्या काढून हे विधेयक इथवर आणलं होतं. सरकारी रुग्णालयात गेलेल्या माणसाला बरा होऊन बाहेर पडेपर्यंत काही द्यावं लागणार नाही. कलम आठ: उपचार, रुग्ण दाखल झाल्यापासून, मोफत. दाखल झाल्यापासून… शहरातल्या माणसाला यात काही खटकायचं कारण नाही, त्याचं रुग्णालय त्याच्या चौकातच असतं. पण तिच्या मतदारसंघाच्या वरच्या अंगाला, डोंगरापलीकडे जी गावं होती, तिथून जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत यायचं म्हणजे रुग्णवाहिका, आणि रुग्णवाहिका म्हणजे ठेकेदाराची, आणि ठेकेदाराचा दर अंतरावर. उपचार फुकट, उपचारापर्यंत पोचणं मात्र विकत. तिची दुरुस्ती एवढीच होती, की 'दाखल झाल्यापासून' काढा आणि तिथे 'गाडी बोलावल्यापासून' घाला.

ते तिने मघाशी मांडलं होतं. चांगलं मांडलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या, दोन्ही बाजूंनी, आणि टाळ्या पडतानाच तिच्या लक्षात आलं होतं की या टाळ्या निरोपाच्या समारंभात पडतात तशा आहेत.

"आली का?" शेजारच्या बाकावरून आवाज आला. शेजारचे आमदार दुपारनंतर डोळे मिटून विचार करण्याबद्दल प्रसिद्ध होते, म्हणून सगळे त्यांना डुलकीराव म्हणत. त्यांनी आत्ताही डोळे उघडले नव्हते.

"आली."

"मग टाका तोंडात. या वेळी आल्याची आहे. बरी लागते."

समोर काका उत्तराला उभे राहिले होते. सगळ्या दुरुस्त्यांना ते एकत्र उत्तर देणार. त्यातल्या पहिल्या काही शहरातल्या सदस्यांच्या होत्या, खाटांच्या, तपासण्यांच्या. काका सावकाश, घरातल्या माणसांशी बोलावं तसे बोलत होते. हा आवाज तिला आवडायचा. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता… या आवाजाने तिला राजकारणात आणलं होतं. तिचे वडील गेले त्या आठवड्यात हा माणूस त्यांच्या ओसरीत रोज येऊन बसायचा, काही न बोलता, आणि शेवटी म्हणाला होता, पोरी, त्यांचं काम तू पुढे चालव. ते रोजचं येणं खरं होतं आणि त्या येण्यात पुढच्या निवडणुकीचा हिशेबही होता, आणि या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात, हे तिला फार उशिरा उमगलं.

सकाळी नवऱ्याने चहाचा कप पुढे ठेवत नेहमीसारखं विचारलं होतं, "आज काय मांडणार आणि काय मागे घेणार?"

"अहो, सकाळी सकाळी नको."

"नको तर नको. डबा देऊ का पण? कधीकधी मागे घ्यायला उशीर होतो तुम्हा लोकांना."

एरवी ती हसली असती. त्याच्या असल्या बोलण्यावर हसायची तिला इतक्या वर्षांची सवय होती. आज तिने कप उचलला, तसाच खाली ठेवला आणि चपला घातल्या. तो दारापर्यंत आला. त्याचा चेहरा पडला होता. थट्टा कुठे लागली ते त्याला कळलं नव्हतं आणि तिला सांगता आलं नाही… कारण ती थट्टा नव्हतीच, ती साधी विचारपूस होती. दूधवाल्याने विचारावं, आज किती लिटर, तशी.

मग सभागृहाबाहेरच्या दालनात काका भेटले. भेटले म्हणजे तिची वाट बघतच उभे होते. तिला खिडकीजवळ घेऊन गेले, स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला.

"मांड. जोरात मांड. माझ्यावर काय तोंडसुख घ्यायचं ते घे, मला वाईट वाटणार नाही. टाळ्या सगळ्या तुझ्या."

"आणि मग?"

"मग काय? मी आहे ना."

"काका, या वेळी आश्वासन नको. दुरुस्तीच हवी."

काकांनी बशीतला सांडलेला चहा परत कपात ओतला. घाई नव्हती त्यांना. "हे बघ. तुझं खरं आहे. मला कळत नाही असं समजू नकोस, मी पण खेड्यातलाच आहे. पण तुझी एक घेतली की सगळे आपापली घेऊन येतील. अर्थखातं टपूनच बसलंय, खर्च वाढला म्हणतील आणि अख्खं विधेयक गुंडाळून ठेवतील. ते हवंय तुला? आधी दार तर उघडू दे. तुझं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी नक्की?"

"मी म्हटलं ना, बघू." आणि मग, जाता जाता, अगदी सहज, "व्हिप निघालाय, वाचलास ना?"

वाचला होता. विधेयक आहे तसं संमत करायचं, हा पक्षाचा आदेश. तो मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते; आमदारकी वाचली तरी पुढचं तिकीट नक्कीच जातं. तुझं तिकीट मी कुणाकुणाशी भांडून आणलं, हे काका बोलले नाहीत. ते कधीच बोलत नसत. आपण न बोललेलं समोरच्याने मनातल्या मनात ऐकावं, ही त्यांची पद्धत होती, आणि तिने ते खिडकीशी उभं राहून सगळं ऐकलं होतं.

पण त्याच वेळी तिला दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं…

शाळेचा हॉल. डोंगरापलीकडचं ते शेवटचं गाव. अधिवेशनाआधीची सभा, लोकांनी गाऱ्हाणी सांगायची आणि तिने टिपून घ्यायची. रस्ता, पाणी, शाळेचं छप्पर. आणि मग शिवणकाम करणारी ती बाई उभी राहिली, मशीनवरून तशीच उठून आलेली, गळ्यात मोजपट्टी. तरतरीत बाई. बोलायला लागली तीच मुळी हसत.

"आमच्याकडे एकट्याने आजारी पडायची सोय नाही, ताई. जोड लागते."

हॉल हसला.

"खरंच सांगते. गाडी एकट्याला परवडत नाही. म्हणून आजारी माणूस थांबतो. गावात दुसरं कुणी आजारी पडलं की दोघं मिळून गाडी बोलावतात, निम्मे निम्मे देतात. आम्ही कुणाला बरं नसलं की काय होतंय म्हणून विचारत नाही. जोड मिळाली का, असं विचारतो."

हॉल आणखी हसला. तीही हसली. बाई नकला छान करत होती. कण्हणारा म्हातारा गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेने कसा बघतो, याला तरी ताप असेल का म्हणून, ते तिने करून दाखवलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात धरले.

"आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. शेजारणीचे दिवस भरत आलेले. हे म्हणाले, आज-उद्या तिला निघावंच लागेल, थांबू, एकदमच जाऊ. ती बिचारी सारखी दारात येऊन सांगायची, भाऊजी, अजून काही नाही हो. तिलाच लाज वाटायला लागली, आपलं पोट कसं दुखत नाही म्हणून."

हसू अजून चालूच होतं.

"दुखलं मग. दुसऱ्या दिवशी. गाडीतच मोकळी झाली, घाट उतरल्यावर. बाळ पोचलं. हे नाही."

हसू थांबायला वेळ लागला. पुढच्यांचं थांबलं, मागच्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं, त्यांचं थोडा वेळ तसंच चालू राहिलं, आणि मग तेही थांबलं. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. "आमचं थांबणं चुकलं का, ताई? तेवढं विचारायला आले. सासूबाई म्हणतात, माझं चुकलं. मी एकटीनेच गाडी बोलवायची होती."

काय सांगायचं होतं… तुमचं चुकलं नाही, हे सांगायला सोपं होतं. पण मग कुणाचं चुकलं, हा पुढचा प्रश्न बाईच्या डोळ्यांत आधीच येऊन उभा होता. म्हणून ती म्हणाली, "मी अधिवेशनात मांडते हे." आणि अगदी मागून, दाराजवळून, कुणीतरी म्हणालं, "आश्वासनताई." कुचेष्टेने नाही. त्याचंच तिला जास्त लागलं. गावोगाव तिचं ते नाव पडलं होतं, कारण दर अधिवेशनानंतर ती येऊन सांगायची, मंत्र्यांनी आश्वासन दिलं आहे. आणि लोक आता ते नाव अगदी सहज घेत होते, टोपणनाव घ्यावं तसं.

आश्वासन. बाहेरच्या माणसाला काय माहीत, आश्वासनाचं पुढे काय होतं. ते नोंदवून घेतात. नोंदवलेली आश्वासनं पुरी झाली की नाही ते बघायला सभागृहाची एक समिती असते. मी त्या समितीवर होते! एक पूर्ण वर्ष होते… लांबलचक टेबल, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आणि गणपूर्ती नाही. ठरलेल्या संख्येइतके सदस्य आल्याशिवाय बैठक सुरू करता येत नाही, आणि तितके कधी यायचेच नाहीत. आलेले सदस्य बिस्किटं खात एकमेकांना विचारत, अजून कुणी येतंय का. जोड मिळाली का. मग बैठक पुढे ढकलली जायची. वर्षभर तिने त्या टेबलाशी बसून पुढच्या तारखा लिहून घेतल्या होत्या, आणि आपण काम करतो आहोत असं तिला वाटत होतं.

आणि गेल्या आठवड्यात… खेड्यांतून निवडून आलेल्या एकेका आमदाराच्या खोलीवर ती गेली होती. माझ्या दुरुस्तीला पाठिंबा द्या, तुमच्याकडेही हीच रड आहे. सगळ्यांनी चहा दिला. सगळे म्हणाले, अगदी बरोबर मुद्दा काढलात. आणि सगळ्यांनी एकच विचारलं, बाकी कोण कोण आहे? बाकीचे असतील तर मी आहेच. प्रत्येक जण बाकीच्यांसाठी थांबलेला, आणि बाकीचे म्हणजे हेच सगळे. ती खोलीखोलीतून बाहेर पडत होती तेव्हा चिडली होती. आता इथे बसल्यावर तिला त्यांचा राग येईना, कारण तीही थांबलीच होती की. पहिल्या वर्षी थांबली, नवीन आहे म्हणून. नंतर थांबली, काकांचा शब्द म्हणून. आता पुढच्या वर्षीसाठी. छातीत कळ घेऊन माणूस गल्लीकडे बघत पडून राहतो… नाही, एवढं मोठं काही नव्हतं तिच्या छातीत. उगाच स्वतःला त्या पंक्तीला बसवायचं कारण नाही. तिच्या छातीत नुसती लाज होती, आणि थोडा राग, आणि जिभेवर काहीतरी तिखट-गोड —

ती दचकली.

गोळी तोंडात होती. हिरवा कागद मांडीवर, आणि बोटं त्याच्या बारीक घड्या घालत बसलेली. कधी उचलली, कधी सोलली… आठवेना. सवय. दुसरं काय. हात आपले आपण गेले, तोंड आपलं आपण उघडलं. ती समोर बघायला गेली आणि काकांची ती ओळखीची तिरकी नजर नेमकी तिच्या फुगलेल्या गालावर येऊन टेकली. काका बोलता बोलता किंचित हसले. बरं वाटलं त्यांना. खरोखरच बरं वाटलं, ते तिला दिसलं. सकाळपासून त्यांना तिची काळजी लागून राहिली असणार.

आणि त्यांनी भाषण आवरतं घेतलं. तिच्यासाठी राखून ठेवलेलं लांब उत्तर आता देण्याची गरज उरली नव्हती.

"सन्माननीय सदस्यांनी रुग्णवाहिकेचा जो मुद्दा मांडला, तो अत्यंत तळमळीने मांडला. शासन त्याबाबत सकारात्मक आहे. योग्य वेळी योग्य तो विचार केला जाईल. सदस्यांनी आपापल्या दुरुस्त्या मागे घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे."

योग्य वेळी. योग्य तो. थुंकावी का गोळी? कागदात घ्यावी? चारचौघांत थुंकायचं तरी कसं, असा एक अगदी घरगुती विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच चीड आली. उठ ना. उठ. पण अजून तिची पाळी नव्हती. अध्यक्ष नावं पुकारतील, सदस्य उभा राहील, मागे घेतो म्हणेल, मग सभागृहाची परवानगी विचारतील. क्रम असा होता. निदान तिला तो तसा वाटत होता. कारण इतकी वर्षं तिने तो ऐकला होता, पण ऐकताना कान दिला नव्हता.

अध्यक्षांनी मान खाली घातली आणि एका दमात वाचायला सुरुवात केली. "कलम आठवरील पहिली दुरुस्ती, सभागृहाची परवानगी आहे? आहे, दुरुस्ती परवानगीने मागे घेण्यात आली. पुढील दुरुस्ती, परवानगी आहे? आहे, मागे घेण्यात आली. पुढील दुरुस्ती —" कुणी उभं राहत नव्हतं, कुणी काही म्हणत नव्हतं, अध्यक्ष स्वतःच विचारत होते, स्वतःच उत्तर देत होते, आणि पुढच्या पानावर जात होते. किती सुबक. तिने आजवर जे जे मागे घेतलं होतं ते असंच घेतलं गेलं असणार, ती शेजाऱ्याशी काहीतरी बोलत असताना, गोळी चघळत असताना.

"पुढील दुरुस्ती, परवानगी आहे? आहे, मागे घेण्यात —"

ही तिची होती. काड्कन आवाज झाला. तिने गोळी दाढेखाली फोडली होती, आणि उठता उठता माइकचं बटण आधीच दाबलं होतं, त्यामुळे तो आवाज छताला लावलेल्या सगळ्या कर्ण्यांतून सभागृहभर गेला. डुलकीरावांनी डोळे उघडले.

"अध्यक्ष महाराज, मी मागे घेतलेली नाही."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना राग आला नव्हता, ते फक्त गोंधळले होते. जिन्याची एक पायरी अचानक जास्त लागावी तसे. "माननीय मंत्र्यांनी आश्वासन दिलं आहे, ताई."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काही नाही. आश्वासन त्यांनी दिलंय. दुरुस्ती माझी आहे, मी ती मागे घेत नाही. ती मताला टाका." तोंडातले गोळीचे तुकडे जिभेला टोचत होते, बोलणं जरा बोबडं होत होतं. होऊ दे.

मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, बसा हो खाली." कुणीतरी हसलं. पक्षाचे प्रतोद, ज्यांच्या सहीने व्हिप निघाला होता, ते पुढच्या बाकावरून अर्धवट उठून तिला हाताने बसा बसा करत होते, लहान मुलाला भिंतीवरून खाली उतर म्हणावं तसे. ती उतरली नाही. अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या सचिवांकडे बघितलं, सचिवांनी मान हलवली, इलाज नाही म्हणून, आणि अध्यक्षांनी दुरुस्ती वाचली. 'दाखल झाल्यापासून' ऐवजी 'गाडी बोलावल्यापासून'. त्या दगडी दालनात ते शब्द पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून उच्चारले गेले.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय," ती म्हणाली. विरोधी बाजूने दोन-तीन तुरळक होय आले, उशिरा, दबकत, आपण खरंच बोललो का अशी शंका यावी इतके हळू.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

नाही मोठं आलं. पण मजा अशी, की ते कुणाच्याच तोंडून आल्यासारखं वाटत नव्हतं. तिने नीट बघितलं होतं. ओठ जेमतेम हलले होते, नजरा कागदांवर होत्या, आणि आवाज सगळ्या बाकांच्या मधूनच कुठूनतरी वर आला होता. ज्यांनी गेल्या आठवड्यात चहा दिला होता, तेही त्यातच होते. असणारच. पण कोण, ते सांगता आलं नसतं. उद्या ते सगळे भेटतील, म्हणतील, ताई, मी तर गप्पच होतो…

"माझ्या मते प्रतिकूल —"

"मी मतविभागणी मागते."

हे ती ठरवून बोलली नाही. किंवा ठरवूनच बोलली. मघापासून ती याच्याशीच येऊन पोचत होती. या सभागृहात मतांची यंत्रं बसवायचं कधीपासून नुसतं घाटतंय, त्यामुळे मतविभागणी म्हणजे अजून जुन्या पद्धतीची: घंटा वाजते, बाहेरचे सगळे आत येतात, दारं लावतात, आणि मग होयवाल्यांनी आधी उभं राहायचं, नाहीवाल्यांनी नंतर, आणि कारकून रांगांमधून फिरत माणूस न् माणूस मोजतात, नाव न् नाव लिहितात.

घंटा सुरू झाली. लांब, सलग, सगळ्या मजल्यांवर एकदम. उपाहारगृहातून माणसं धावत येताना ऐकू येत होती. काय झालं, कुणी मागितली, कुणाची दुरुस्ती… तोंड पुसत, कागद सावरत, काही जण नुसतेच ओढल्यासारखे.

काका तिच्याकडे बघत होते. आता तिरके नाही, सरळ. ते अचानक खूप म्हातारे दिसले, आणि दुखावलेले. या माणसाने तिच्यावर माया केली होती, त्यात खोट नव्हती. उद्यापासून ते तिला पोरी म्हणणार नाहीत. पक्ष नोटीस काढील, तिकीट जाईल, कदाचित ही खुर्चीही. भीती वाटली का? वाटली. तिने ती चाचपून बघितली, दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तशी. होती जागच्या जागी. पण ती असूनही पाय सरळ होते, ही काय भानगड आहे, ते मात्र तिला कळेना.

"ताई," डुलकीराव कुजबुजले. ते आता पुरते जागे झाले होते आणि त्यामुळे अस्वस्थ होते. "पडणार हो ही. सपशेल पडणार."

"माहीत आहे."

"मग कशाला…"

कशाला. तिने आजवर इथे किती दुरुस्त्या आणल्या, त्यातली एकही पडली नव्हती. कधी हरलीच नव्हती ती. सगळ्या परवानगीने मागे गेल्या होत्या, सन्मानाने, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली नव्हती. ते एवढं सोपं करून दिलं होतं तिने सगळ्यांना. आणि म्हणून त्या हॉलमध्ये, मोजपट्टीवाल्या बाईने विचारलं तेव्हा, सांगायला नाव नव्हतं एकही. चूक गावात भटकत राहिली होती बेवारशी, आणि शेवटी सासूने ती सुनेच्या पदरात टाकली होती. आता ती जाईल त्या गावात. आश्वासन मिळालं, असं म्हणणार नाही. म्हणेल, मी हरले. तुमचं काही चुकलं नाही, बाई. ही नावं आहेत, हे उभे राहिले होते.

हरले… तिने ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. तोंडातलं सगळं विरघळून गेलं होतं, बोलणं स्वच्छ झालं होतं.

इथे सगळे अध्यक्षांकडे तोंड करून बसतात. मान वळवून मागच्या बाकांकडे बघत राहणं शिष्टाचाराला धरून नाही. ती वळली. पुरती वळली, अध्यक्षांकडे पाठ करून, आणि एकेका रांगेवरून, एकेका चेहऱ्यावरून सावकाश नजर फिरवू लागली. काहींनी ओळखीचं हसू आणलं आणि मधेच सोडून दिलं. काही जण बाकाखाली काहीतरी शोधू लागले. शेवटच्या रांगेतला, तिला सगळ्यांत चांगला चहा पाजणारा आमदार, एकटक तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या मनात काय चाललं आहे ते तिला अजिबात सांगता आलं नसतं.

घंटा थांबली. चोपदारांनी दारं ओढून घेतली आणि कड्या लावल्या. आता बाहेरचं कुणी आत येणार नव्हतं, आतलं कुणी बाहेर जाणार नव्हतं, आणि बसून कुणालाच राहता येणार नव्हतं. ती उभीच होती. हरण्याची इतकी घाई तिला आयुष्यात कधी झाली नव्हती.